शाळिग्रामाचे गोत्र

शाळिग्राम म्हणजे नेपाळातल्या काळी गंडकीच्या पात्रात मिळणारा, बहुधा काळा, गुळगुळीत आणि अंगावर किंवा पोटात चक्राची खूण बाळगणारा दगड. ही खूण ज्याच्या शंखाची आहे तो अमोनाइट. अमोनाइट हा अमोनॉइड या मोठ्या गटातला समुद्री प्राणी. त्याचा शंख एका पातळीत वेटोळे घेत वाढे आणि आतून पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेला असे. हा गट सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी डेव्होनियन काळात उदयाला आला आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपला. भारतात तो आता मुख्यतः दोन ठिकाणी भेटतो, संग्रहालयात आणि देवघरात. संग्रहालयात त्याच्यावर धूळ असते, देवघरात तुळस. अंघोळ रोज घडते ती फक्त देवघरातल्याला.

बदलापुरातला अमोनाइट नेहमी बाहेरगावचा असतो. या बाबतीत तो इतर बदलापूरकरांहून वेगळा नाही. गिरगावातून दादरला, दादरहून डोंबिवलीला आणि डोंबिवलीत जागा परवडेनाशी झाली तेव्हा कर्जत गाडीने पुढे, असा प्रवास ज्या कुटुंबांनी केला त्यांच्याबरोबर पंचायतनाचा डबाही आला. हे पंचायतन म्हणजे पाच दगडांचा आटोपशीर खनिजसंग्रह आहे. विष्णूसाठी गंडकीचा शाळिग्राम, शंकरासाठी नर्मदेचा बाण, गणपतीसाठी शोण नदीचा तांबडा दगड, सूर्यासाठी स्फटिक आणि देवीसाठी सुवर्णमुखी. पाचांपैकी जीवाश्म एकच. भावाभावांत वाटणी होते तेव्हा थोरला पंचायतन घेतो आणि धाकटा फ्लॅट, असे सांगतात. थोरल्याकडे अमोनाइट आहे हे दोघांनाही ठाऊक नसते, आणि असते तरी अदलाबदल झाली नसती.

बदलापूरच्या जमिनीत अमोनाइट शोधू नये, कारण खाली बेसाल्ट आहे. कोंडेश्वरला पाणी ज्या कड्यावरून पडते तो कडा, बारवी धरणाभोवतीच्या टेकड्या आणि शेजारच्या अंबरनाथचे १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर, सगळे याच दख्खनी बेसाल्टचे. बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि लाव्ह्याच्या रसात शंख टिकत नाही. गंमत अशी की हे लाव्हे बाहेर पडत होते तो काळ आणि अमोनाइट नाहीसे झाले तो काळ जवळजवळ एकच. मेक्सिकोत चिक्शुलुब इथे आदळलेली अशनी या प्रकरणात मुख्य आरोपी मानली जाते, पण दख्खनच्या लाव्ह्याचे नाव सहआरोपी म्हणून आरोपपत्रातून अजून वगळलेले नाही. म्हणजे शाळिग्राम ज्या इमारतीत गंध लावून बसतो, तिचा पाया त्याच्या वंशनाशातल्या संशयितावर उभा आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय अद्याप आलेला नाही. पार्किंग संपले की येईल.

घरातले इतर दगडही निरुपयोगी. स्वयंपाकाच्या ओट्याचा कडप्पा, मोरीतली शहाबादी आणि जिन्यातला कोटा हे तिन्ही खडक अमोनाइट जन्माला येण्याच्या फार आधी तयार झालेले, आणि ग्रॅनाइट तर वितळलेल्या रसातून थिजलेला, त्याला जीवाश्माचे वावडे. नव्या टॉवरच्या लॉबीत जर्मनीहून आणलेला पिवळसर जुरा चुनखडक बसवला असेल तर मात्र थांबून खाली पाहावे. त्यात आडवे-उभे कापलेले अमोनाइट दिसण्याची खरी शक्यता असते. रहिवासी त्यांच्यावरून चप्पल घालून लिफ्टपर्यंत जातात आणि वर गेल्यावर त्यांच्याच चुलत्याला हात धुऊन नमस्कार करतात.

ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे समोरचा दगड अमोनाइट आहे की नाही हे ठरवणे. उल्हास नदीच्या गोट्यांत गोल वलये असलेले दगड सापडतात आणि सापडणाऱ्याचा आवाज लगेच खाली येतो. ही वलये बहुतेक वेळा अकीकाची असतात. लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळीत गारेचे थर एकावर एक बसत गेले की एकात एक वर्तुळे तयार होतात. अमोनाइटला वर्तुळे नसतात, एकच सलग वेटोळे असते. सुईचे टोक बाहेरच्या कडेवर ठेवून रेषेवरून फिरवत नेले आणि ते केंद्राशी पोचले तर पुढच्या तपासाला अर्थ आहे. फिरून मूळ जागी आले तर दगड नदीत परत टाकावा. तो टाकायला कोणी तयार होत नाही, तो शोकेसमध्ये जातो.

दुसरा धोका माणसाच्या हातचा. मोठ्या तीर्थांच्या बाजारात कोरलेली चक्रे मिळतात. ही चाल केवळ आपल्याकडचीच नाही. इंग्लंडमध्ये व्हिटबी या गावी अमोनाइटला सापाचे तोंड कोरून विकत असत. सेंट हिल्डा नावाच्या साध्वीने गावातले साप दगड करून टाकले, अशी तिथली कथा. दगडी सापांना डोकी नव्हती ही अडचण कारागिरांनी दूर केली. गावाच्या मानचिन्हावर आजही वेटोळे घातलेले तीन साप आहेत, आणि शास्त्रज्ञही त्या बाईंच्या नावे एका प्रजातीला हिल्डोसेरास म्हणून मोकळे झाले. कोरलेले चक्र ओळखायला घरातली चकली पुरते. सोऱ्याचे भोक बदलत नाही, म्हणून चकलीचा वेढा आत जेवढा जाड तेवढाच बाहेर. अमोनाइटमधला प्राणी वाढत होता, म्हणून त्याचा प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा उंच आणि दोन वेढ्यांमधले अंतरही ठरावीक पटीने वाढणारे. चक्र चकलीशी जुळले तर ते छिन्नीचे आहे असे समजावे, फक्त ज्यांनी ते काशीहून आणले त्यांना सांगू नये.

यानंतर लोक हमखास विचारतात ती गोष्ट म्हणजे चक्र उजवे की डावे. उजव्या सोंडेचा गणपती आणि दक्षिणावर्ती शंख यांचा धाक ज्या समाजात आहे तिथे हा प्रश्न येणारच. गोगलगायीच्या किंवा देवघरातल्या शंखाला खरोखर दिशा असते, कारण तो वेटोळे घेताना खालीही उतरत जातो. अमोनाइटचे वेटोळे एका पातळीत असते आणि त्याच्या दोन्ही बाजू सारख्या. एका बाजूने पाहिले तर तो उजवीकडे वळतो, उलटा करून ठेवला की डावीकडे. शाळिग्रामाचे सोवळे कडक करायचे असेल तर त्यासाठी दुसरे काही कारण शोधावे लागेल.

आता शंखाचे अवयव. मधला खळगा म्हणजे नाभी. नवे वेढे जुन्यांना नुसते टेकून बसत असतील तर नाभी रुंद असते आणि आतले सगळे वेढे मोजता येतात. नवा वेढा जुन्याला पोटाशी घेऊन झाकत असेल तर नाभी टाचणीच्या डोक्याएवढी उरते. नाभीची रुंदी भागिले शंखाचा व्यास, हा अमोनाइटचा पहिला आकडा. दुसरा, वेढ्याची उंची आणि जाडी यांचे प्रमाण, म्हणजे शंख चपटा आहे की फुगीर. हे दोन आकडे हाती आले की निम्मे कुळ कळते. मग फासळ्या पाहायच्या. त्या सरळ आहेत की वाकड्या, एकेकट्या जातात की मध्येच दुभंगतात, दुभंगतात तिथे गाठ आहे का, बाहेरच्या कडेवरून त्या सलग ओलांडून पलीकडे जातात की मध्ये तुटतात. बाहेरची कड गोल आहे, धारदार आहे की तिच्यावरून कणा गेलेला आहे, हेही टिपून ठेवायचे. शंखाच्या सगळ्या कप्प्यांतून जाणारी एक बारीक नळी असते. अमोनाइटमध्ये ती बाहेरच्या कडेला चिकटून जाते. आजही जिवंत असलेल्या नॉटिलसमध्ये ती पडद्याच्या मधोमधच्या भागातून जाते. या एका नळीवरून दोघांची ताटातूट होते. दिसायला नॉटिलस सख्खा भाऊ वाटतो, पण अमोनाइटचे खरे जवळचे नातलग म्हणजे ऑक्टोपस आणि माकूळ. माकूळ बदलापूरच्या मासळीबाजारात मिळतो. ही माहिती शाकाहारी घरात नैवेद्य दाखवून झाल्यावर द्यावी, आधी देऊ नये.

हे सारे अवयव पाहून नावे ठेवण्याचे काम युरोपात सुरू होण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे झाले होते. अग्निपुराणाचा ४६वा अध्याय हा शाळिग्राम ओळखण्याचा संपूर्ण तक्ता आहे, आणि त्यात वापरलेली लक्षणे पुष्कळ अंशी शंखाचीच आहेत. चक्रे किती, ती एकमेकांना चिकटलेली की सुटी, द्वार कुठे, छिद्रे किती, रेषा किती, पाठ उंच का, रंग कोणता. दगड लांबट आणि तीन ठिपक्यांचा असेल तर मत्स्य, पाठ फुगीर आणि गोल असेल तर कूर्म, चक्र जाड आणि पाच ठिपके असतील तर नृसिंह. शेवटी सोपी गुरुकिल्लीही आहे, नुसत्या चक्रांच्या संख्येची. एक चक्र सुदर्शन, दोन लक्ष्मीनारायण, तीन अच्युत किंवा त्रिविक्रम, चार जनार्दन, पाच वासुदेव, सहा प्रद्युम्न, सात संकर्षण, आठ पुरुषोत्तम, नऊ नवव्यूह, दहा दशावतार, अकरा अनिरुद्ध, बारा द्वादशात्मा. बाराच्या वर कितीही असोत, अनंत.

या अनंताला वर्गीकरणशास्त्रात फार मान आहे. जिथे मोजणाऱ्याचा धीर सुटतो तिथे असा एक कप्पा ठेवावाच लागतो. सरकारी अर्जांत त्याला ‘इतर’ म्हणतात. जीवाश्मशास्त्रातही असे कप्पे आहेत, फक्त त्यांची नावे कमी प्रसन्न आहेत.

पुराणाच्या तक्त्यात इतर शास्त्रीय तक्त्यांत असतात तेच दोष आहेत, हे मुद्दाम नोंदवायला हवे. अध्यायाच्या आरंभी वासुदेव पांढरा आणि दोन चक्रांचा, शेवटी तोच पाच चक्रांचा. संकर्षण आधी तांबडा, दोन चिकटलेल्या चक्रांचा. मग सात चक्रांचा. तीन चक्रांना अच्युत म्हणा नाही तर त्रिविक्रम म्हणा, दोन्ही ग्राह्य. एकाच नावाच्या दोन वस्तू आणि एकाच वस्तूची दोन नावे, हे दोन आजार प्राणिशास्त्राला इतके छळतात की त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमलेला आहे. पुराणकाळी आयोग नव्हता, त्यामुळे प्रत्येक पुराणाने आपापली यादी दिली आणि कोणाचेही बिनसले नाही.

चक्रे मोजण्यातला खरा घोळ वेगळाच आहे. शाळिग्राम हा चिखलात शंखाभोवती जमलेला आणि दगड झालेला गोळा. नदीने त्याला झिजवले की एखाद्या बाजूला तोंड पडते. आतला शंख विरघळून किंवा निसटून गेलेला असला तर समोरासमोरच्या दोन भिंतींवर त्याच्या दोन बाजूंचे ठसे उरतात. तोंडातून आत पाहणाऱ्याला दोन चक्रे दिसतात आणि दगड लक्ष्मीनारायण ठरतो. जीवाश्मशास्त्राच्या हिशेबात असा लक्ष्मीनारायण बऱ्याचदा एकटाच असतो. परंपरेने या पोकळीचे श्रेय वज्रकीट नावाच्या किड्याला दिले आहे, जो वज्रासारख्या दातांनी दगड पोखरून आत चक्रे कोरतो. पोकळीत फासळ्यांच्या ठशांच्या इतक्या नेटक्या ओळी असतात की दातांची कल्पना सुचणे स्वाभाविक होते. एक मात्र मान्य करावे लागते. दगडाच्या आतले कोरीवकाम एका लहान जिवाचे आहे, एवढा भाग वज्रकीटवाद्यांनी अगदी बरोबर ओळखला होता.

अमोनाइटचे निर्णायक लक्षण मात्र बाहेरून दिसत नाही. कप्प्यांमधले पडदे शंखाच्या भिंतीला जिथे चिकटतात तिथे एक रेषा उमटते. तिला शिवण म्हणतात. जर्मन भूशास्त्रज्ञ लिओपोल्ड फॉन बुख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात या शिवणीला महत्त्व दिले आणि तेव्हापासून अमोनॉइडांची घराणी तिच्यावरून लावतात. जुन्या गोनिअटाइटांची शिवण साधी नागमोडी, बाक मोठे आणि मोजके. मधल्या काळातल्या सेराटाइटांत तोंडाकडचे बाक गुळगुळीत राहिले आणि मागचे दातेरी झाले. खऱ्या अमोनाइटांत दोन्हींना दाते, दात्यांना दाते आणि त्यांनाही आणखी दाते, असा प्रकार झाला. पडदा इतका चुण्याचुण्यांचा कशासाठी केला यावर दीडशेहून अधिक वर्षे वाद चालू आहे. पाण्याचा दाब सोसण्यासाठी, स्नायू चिकटण्यासाठी, कप्प्यातले पाणी धरून ठेवण्यासाठी, अशी उत्तरे दिली गेली आहेत. नक्षी आवडत होती हे उत्तर कोणी देत नाही.

शिवण पाहायची तर वरचे कवच निघून गेलेले असले पाहिजे. निघालेले नसेल तर ते काढावे लागते, म्हणजे सुई, छोटी हातोडी, कधी आम्ल. इथे अभ्यासक आणि यजमान यांचे मार्ग वेगळे होतात. बदलापुरातल्या कोणत्याही घरात ‘काकू, हा जरा फोडून बघू का’ या प्रश्नानंतर चहा मिळत नाही. त्यामुळे देवघरातल्या अमोनाइटांचे वर्गीकरण नाभी आणि फासळ्यांवरच थांबते. दुसरीही एक अडचण आहे. जात ठरवायला एका थरातले, एका जागेचे शे-दीडशे नमुने हवेत. शाळिग्रामाचा नियम असा की सम संख्येत पुजावे, पण दोन नकोत, आणि विषम पुजू नयेत, पण एक चालतो. या नियमाने देवघरात एकतर एक निघतो किंवा चार. संख्याशास्त्र चारांवर चालत नाही.

युरोपातला प्रकार उलटा झाला. तिथे नमुने मुबलक होते आणि ते फोडायला कोणाची हरकत नव्हती. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक ब्रुगिएर यांनी १७८९ साली या सगळ्यांना मिळून अमोनाइटीस हे एकच प्रजातीनाम दिले होते. तिथून पुढच्या दीड शतकात हजारो नावे झाली. बहुतेकांच्या शेवटी सेरास येते, ज्याचा ग्रीक अर्थ शिंग. अमोन या शिंगांच्या देवावरून हे सगळे सुरू झाले होते, त्यामुळे नाव कोणाचेही असो, शेवटी शिंग फुटतेच. इंग्लंडच्या एस. एस. बकमन यांनी १९०९ ते १९३० या काळात छापल्या गेलेल्या एकाच ग्रंथमालेत शेकडो नव्या प्रजाती उभ्या केल्या. फासळी जरा वाकडी गेली की नवी प्रजाती. बकमन यांची शिस्त पाहता चक्रांच्या संख्येवर थांबणारे अग्निपुराण फारच संयमी ठरते.

भारतातली मोठी गाथा कच्छची. जुरासिक काळातला तिथला समुद्र अमोनाइटांनी भरलेला होता, आणि मुंबई-पुण्याच्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सहल अजूनही तिकडे जाते. परत येताना सॅक दुप्पट जड असते आणि आईला ती चादरींनी जड झाली असे वाटते. फर्डिनांड स्टोलिच्का यांनी १८७१-७२च्या सुमारास तिथून अमोनाइट गोळा केले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले विल्हेल्म वागेन यांनी १८७३ ते १८७५ मध्ये त्यांचे वर्णन छापले. पन्नास वर्षांनी एल. एफ. स्पाथ यांनी लंडनमध्ये बसून १९२७ ते १९३३ या काळात त्याच समुद्राची सहा भागांत फेरतपासणी केली आणि जातींची संख्या कित्येक पटींनी वाढवली. एका लहानशा समुद्रात इतकी घराणी कशी नांदत होती, एकमेकांना ओळखत तरी होती का, हे प्रश्न स्पाथ यांना पडले नाहीत, किंवा पडले तरी त्यांनी ते छापले नाहीत.

उत्तर १९६२-६३ साली मिळाले, आणि तेही एकदम दोन ठिकाणी. पोलंडमध्ये हेन्रिक माकोव्हस्की आणि इंग्लंडमध्ये जॉन कॅलोमन यांनी दाखवले की एकाच थरात वारंवार जोडीने सापडणारे एक मोठे आणि एक लहान अशा दोन ‘जाती’ म्हणजे पुष्कळदा नवरा-बायको आहेत. बालपणीचे वेढे दोघांचे हुबेहूब सारखे, मग एक लहानपणीच थांबतो आणि दुसरा वाढत राहतो. लहान शंखाच्या तोंडाशी बऱ्याचदा दोन्ही बाजूंना कानांसारख्या पट्ट्या असतात, मोठ्याला नसतात. मोठी ती मादी मानतात, कारण अंड्यांना जागा लागते. कॅलोमन व्यवसायाने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक होते. अमोनाइट हा त्यांचा सुट्टीतला उद्योग. शंभर वर्षे ज्यांना तज्ज्ञांनी वेगवेगळ्या प्रजातींत, क्वचित वेगवेगळ्या कुळांत टाकून परकी ठरवले होते त्यांचे संसार या रसायनशास्त्रज्ञाने सुट्टीच्या दिवशी पुन्हा जुळवले.

कच्छमध्ये याचा परिणाम मोठा झाला. बकमन आणि स्पाथ यांच्या डोलिकेफालाइटीस, काम्प्टोकेफालाइटीस, इंडोकेफालाइटीस अशा भारदस्त नावांचे मालक पुढच्या संशोधकांना मॅक्रोकेफालाइटीस या एकाच घरातली माणसे वाटू लागली, कोणी पती, कोणी पत्नी, कोणी जरा सडपातळ, कोणी स्थूल. महाराष्ट्राचाही या इतिहासात वाटा आहे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, ज्यांनी जीवाश्मशास्त्राची परंपरा उभी केली त्या जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी धार जिल्ह्यातल्या बाघच्या चुनखडकांतल्या अमोनाइटांवर १९४०च्या दशकापासून लिहिले आणि प्लासेंटिसेरास या चपट्या, धारदार कडेच्या प्रजातीच्या अनेक जाती वेगळ्या केल्या. पुढे जादवपूर विद्यापीठाच्या शुभेंदू बर्धन यांच्या गटाने बाघचे नमुने पुन्हा मोजले आणि बरीच नावे प्लासेंटिसेरास काफ्रारियम या एकाच, स्वभावाने फार बदलत्या जातीत मिळवून टाकली. यात चिपळूणकरांचे काम वाया गेले असे मुळीच नाही. आधी कोणीतरी फरक टिपून ठेवल्याशिवाय पुढच्याला तो पुसता येत नाही. नावे देणाऱ्यांची एक पिढी आणि नावे कमी करणाऱ्यांची दुसरी, असा पाळणा या शास्त्रात हलत राहतो, आणि दोन्ही पिढ्यांना संशोधनाचे अनुदान मिळते.

सगळे अमोनॉइड वेटोळेच घेत होते असेही नाही. क्रिटेशियस काळात बॅक्युलाइटीस सरळ काठीसारखा झाला, टुरिलाइटीसने गोगलगायीचा जिना धरला, आणि जपानचा निप्पोनाइटीस, ज्याचे वर्णन याबे यांनी १९०४ साली केले, स्वतःभोवती असा गुंतत गेला की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो आजारी वाटावा. पुढे मोजमाप केल्यावर त्याच्या गुंत्यालाही पक्का नियम आहे असे दिसले. शाळिग्रामात हे प्रकार नाहीत. गंडकीने वारकरी वळणाचेच अमोनाइट पाठवले.

ते अमोनाइट स्पिती शेल या काळ्या खडकातले. हा थर हिमालयात स्पितीपासून मुक्तिनाथ आणि दामोदर कुंडाच्या प्रदेशापर्यंत सापडतो, आणि त्याचे वय जुरासिकचा उत्तरार्ध ते क्रिटेशियसचा अगदी आरंभ, म्हणजे स्थूलमानाने १५ कोटी वर्षे. हिमालय तेव्हा नव्हता, त्या जागी टेथिस समुद्र होता. श्लागिन्टवाइट बंधूंनी तिकडून आणलेले अमोनाइट आल्बर्ट ओपेल यांनी १८६३ ते १८६५ मध्ये अभ्यासले. हेच ते ओपेल, ज्यांनी जुरासिकचे थर अमोनाइटांच्या क्रमाने लावण्याची पद्धत घालून दिली. जाती भराभर बदलत आणि समुद्रभर पसरत, म्हणून अमोनाइट हे खडकाचे पंचांग ठरले.

बदलापूरच्या देवघरात त्यामुळे काय निघण्याची शक्यता आहे तेही सांगता येते. नाभी रुंद, आतले वेढे सगळे मोजता येण्याजोगे, फासळ्या ठसठशीत आणि बाहेरच्या बाजूला दुभंगणाऱ्या असतील तर तो ब्लॅनफोर्डिसेरास असू शकतो. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध जातीचे नाव वालिची. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथानिएल वालिच यांच्या सन्मानार्थ जे. ई. ग्रे यांनी १८३०च्या दशकात ते दिले. नाभी अगदी लहान आणि फासळ्या बारीक, वाकलेल्या असतील तर हाप्लोफिलोसेरासचा विचार करावा. फासळ्या गोल कडेवरून सलग पलीकडे जात असतील तर पेरिस्फिंक्टीसच्या मोठ्या गोतावळ्यातला कोणीतरी. तेव्हा ज्याला आजोबांनी दामोदर म्हणून पुजले, तो शास्त्राच्या दप्तरात एका डॅनिश वनस्पतीशास्त्रज्ञाच्या नावावर नोंदलेला असू शकतो. दोन्ही नोंदी आपापल्या जागी वैध आहेत. पूजेच्या संकल्पात मात्र जुनेच नाव घ्यावे, वालिची म्हटल्यास गुरुजी थांबतात.

चक्राच्या रेषेत सोनेरी चमक असेल तर त्या शाळिग्रामाला हिरण्यगर्भ म्हणतात. ही चमक पायराइटची, म्हणजे लोखंड आणि गंधक यांच्या संयुगाची. ऑक्सिजन नसलेल्या समुद्रतळाच्या चिखलात ते शंखाच्या जागी जमते. सराफाला दाखवून उपयोग नाही. उलट याच दगडाची काळजी जास्त घ्यावी लागते, कारण दमट हवेत पायराइट गंजतो, त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि दगड आतून फुटू लागतो. संग्रहालयांत या रोगाने कित्येक सुंदर नमुने भुगा झाले आहेत, आणि बदलापूरचा जून ते सप्टेंबर हा काळ त्या रोगाला मानवणारा आहे.

म्हणून ज्या घरी शाळिग्राम आहे त्यांनी अभिषेकानंतर तो स्वच्छ पाण्याने धुवावा, मऊ कोरड्या फडक्याने पुसावा आणि ओल्या तबकात रात्रभर ठेवू नये. दिवाळीआधी देवांची तांब्या-पितळेची भांडी घासायला काढतात तेव्हा चिंच, लिंबू आणि भांड्यांची पावडर यांपासून त्याला लांब ठेवावे. काही शाळिग्रामांत चुना असतो आणि तो आंबटाने विरघळतो. पंधरा कोटी वर्षे टिकलेल्या फासळ्या एका सकाळी घासून काढण्याइतकी चिंच कोणत्याही घरात असते.